घरासाठी स्वस्तातला डेस्कटॉप घेताय? या चुका टाळा

‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी स्टोरेज.’ स्वस्त डेस्कटॉपच्या जाहिरातीत साधारण एवढंच लिहिलेलं असतं. वाचायला भरभक्कम वाटतं, पण यातल्या एकाही आकड्यावरून तो कॉम्प्युटर कसा चालेल हे कळत नाही. आय७ कोणत्या पिढीचा? रॅम डीडीआर३ म्हणजे जुन्या प्रकारची, की त्यानंतरची डीडीआर४? ५०० जीबी म्हणजे एसएसडी की जुनी फिरती हार्ड डिस्क? स्वस्त मशीनमध्ये पैसे वाचवले जातात ते नेमके न लिहिलेल्या गोष्टींत. त्यामुळे खरेदीपूर्वी एकच काम करा: प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लेखी मागा. ते देताना विक्रेता चाचरत असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

नुसतं ‘आय७’ बघून भुलणं

इंटेलचा आय७-२६०० हा २०११चा प्रोसेसर, ४ कोअर (काम करणारे गाभे) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळायच्या कामांच्या रांगा). आय३-१२१०० हा २०२२चा, त्यालाही ४ कोअर आणि ८ थ्रेडच. पण एकेका कोअरचा वेग बघितला तर ‘छोटा’ आय३ त्या जुन्या आय७च्या जवळपास दुप्पट आहे, आणि वीजही कमी खातो. नावातला ३, ५, ७ हा त्या त्या पिढीतला दर्जा सांगतो, वय सांगत नाही. वय कळतं पुढच्या आकड्यावरून: चार आकडी क्रमांक असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. म्हणजे ८४०० आठव्या पिढीचा, १२१०० बाराव्या.

आठवी पिढी ही सध्या लक्ष्मणरेषा समजा. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, त्याआधीचे अपवाद अगदी मोजके. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीच्या प्रोसेसरमध्ये रायझन ३००० किंवा त्यापुढची मालिका घेतली की प्रश्न मिटतो. ‘जुन्यावरही विंडोज ११ टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर ती आडवाटेने टाकलेली असते. पुढची मोठी अपडेट येताना ती अडू शकते आणि निस्तरायचं काम तुमच्याकडे येतं.

याच जातीची एक चलाखी असेंबल मशीनमध्ये दिसते. चकचकीत काचेचं कॅबिनेट, रंगीत पंखे, आणि आत एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड; त्यावर कोणता प्रोसेसर चालेल हे चिपसेट ठरवतो). वरून कीर्तन, आतून तमाशा! बोर्ड नवाकोरा आणि वॉरंटीसह असतो हे खरं, पण एच६१ चिपसेट २०११चा आहे. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅमच बसते. पुढे काही वाढवायचं म्हटलं तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं सगळंच बदलावं लागतं.

सी ड्राइव्ह हार्ड डिस्कवर

घरच्या कॉम्प्युटरला ‘स्लो’ म्हणण्यामागे सर्वांत जास्त वेळा हेच कारण असतं. सुरू केल्यावर टास्क मॅनेजर (कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. प्रोसेसर १० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोष प्रोसेसरचा नाही. विंडोज सुरू होताना हजारो लहानलहान फाइली वेगवेगळ्या जागांवरून वाचते. हार्ड डिस्कचं डोकं प्रत्येक फाइलसाठी तबकडीवर हलावं लागतं. एसएसडीत हलणारा भागच नाही. म्हणून जुन्या मशीनलाही एसएसडी लावली की ते एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं.

आता एसएसडीतही दोन प्रकार: सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचणारी साटा, आणि ३५०० एमबी किंवा त्याहून जास्त वाचणारी एनव्हीएमई. आकडे बघून एनव्हीएमईसाठी जीव टाकायची गरज नाही. ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ, हिशेबाच्या शीट या कामांत हा फरक जेमतेम जाणवतो. हार्ड डिस्क ते साटा एसएसडी ही उडी मोठी, त्यापुढची लहान. मात्र एम.२ प्रकारची, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी एसएसडीची पट्टी विकत घेताना बोर्डाचं मॅन्युअल जरूर वाचा. एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई दिसायला जुळ्या बहिणी. एनव्हीएमईपुरत्याच असलेल्या स्लॉटमध्ये साटा पट्टी छान बसते, स्क्रूही लागतो, पण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) दिसत नाही. काही बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये साटा पट्टी लावली की एक नेहमीचा साटा पोर्ट बंद होतो. मग ‘एसएसडी लावली आणि जुनी डिस्क गेली’ अशी तक्रार येते. डिस्क गेलेली नसते, तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावायची असते.

१२८ जीबी घेऊ नका. विंडोज, ऑफिस आणि अपडेटची जागा धरली की वर्षभरात लाल पट्टी दिसायला लागते. २५६ किमान, ५१२ निवांत. फोटो-व्हिडिओ भरपूर असतील तर जुनी हार्ड डिस्क दुसरी डिस्क म्हणून ठेवा, त्या कामाला ती उत्तम आहे. आणि ५१२ जीबीच्या ठिकाणी विंडोजमध्ये ४७६ दिसले तर फसवणूक समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, एवढाच तो हिशेब. अगदी स्वस्त मिनी पीसीत ‘६४ जीबी ईएमएमसी’ (एक स्वस्त प्रकारचं स्टोरेज) लिहिलेलं असेल तर तो नाद सोडा. ती बोर्डावरच डाग देऊन चिकटवलेली असते, बदलता येत नाही.

रॅम: किती, आणि कशी लावलेली

ब्राउझरचे पाच-सात टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर ८ जीबीत भागतं. मुलांचा अभ्यास, ऑनलाइन तास आणि घरकामाचे हिशेब एकाच मशीनवर होणार असतील तर १६ घ्या. ४ जीबीचं मशीन रॅम वाढवण्याची सोय असल्याशिवाय घेऊच नये.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर डेटा एका चॅनेलने जातो, दोन सारख्या स्टिक असतील तर दोन चॅनेलने. म्हणून १६ हवी असेल तर ८-८ च्या दोन घ्या. बजेट ८ पुरतंच असेल तर आमचा सल्ला ४-४ च्या जोडीचा नाही, ८ ची एक घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. दोन स्लॉटच्या बोर्डावर दोन्ही जागा ४-४ ने अडल्या की पुढे त्या काढून टाकण्यावाचून मार्ग उरत नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावायच्या नसतात. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बहुतेक मिनी पीसीत लॅपटॉपची छोटी रॅम लागते, आणि डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’चं आमिष

या शब्दांमागे बहुतेकदा जीटी ७३० सारखं कार्ड निघतं, जे २०१४ साली आलं. त्यावरची ४ जीबी मेमरी संथ असते आणि गेमिंगला तिचा फारसा उपयोग नाही. रायझन ५ ५६००जीच्या आतलं ग्राफिक्स त्याच्या पुढे आहे. गंमत अशी की या कार्डाला व्हीपी९ या पद्धतीने दाबून साठवलेले व्हिडिओ स्वतः उलगडता येत नाहीत, आणि यूट्यूबवर तेच जास्त असतात. मग तो भार प्रोसेसरवर पडतो. सातव्या पिढीपासूनच्या इंटेल ग्राफिक्सला हे काम जमतं. म्हणजे पैसे देऊन कार्ड लावलं आणि यूट्यूब उलट जड झालं!

याच्या अगदी विरुद्ध चूक म्हणजे ग्राफिक्सच नसलेला प्रोसेसर घेणं. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. कार्डाशिवाय असं मशीन सुरू होतं, पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी.

एसएमपीएसचं लेबल वाचा

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्यावर जाऊ नका. बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट. आजचा प्रोसेसर जवळपास सगळी वीज याच वाहिनीवरून घेतो, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला एरवी १५० वॅटही लागत नाहीत, म्हणून वॅटपेक्षा दर्जा महत्त्वाचा. ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा, नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या. स्वस्त एसएमपीएस मरताना कधी कधी बोर्डालाही सोबत नेतो.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं आणि तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेलं ऑफिस मशीन हा कमी बजेटमध्ये बहुतेकांसाठी सर्वांत शहाणा पर्याय आहे. फक्त डेल, एचपी, लेनोवोच्या अशा अनेक मशीनचा एसएमपीएस आणि त्याचा प्लग वेगळ्याच मापाचा असतो. बिघडला तर बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्डही बसत नाही. शिवाय मागे डिस्प्लेपोर्ट असतो आणि मॉनिटरला एचडीएमआय. ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ अशीच केबल मागा. ती एकाच दिशेने चालते, उलटी चालत नाही.

मॉनिटर २२ ते २४ इंच, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनेल. २७ इंचावर हेच रिझोल्यूशन घेतलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. वेबकॅम, माइक, स्पीकर आणि वाय-फाय हे डेस्कटॉपमध्ये गृहीत धरू नका, बजेटमध्ये आधीच मोजा.

पैसे देण्याआधी, मशीन सुरू असताना

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि टास्क मॅनेजरमधला ‘परफॉर्मन्स’ टॅब उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा वेग, किती स्लॉट भरलेत, डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, सगळं तिथे दिसतं. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथून ॲक्टिव्हेशन बघा. ‘विंडोज टाकून दिलीय’ आणि ‘विंडोजचं लायसन्स आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मूळ लायसन्ससह आलेल्या ब्रँडेड मशीनची किल्ली बोर्डातच साठवलेली असते, तीच आवृत्ती पुन्हा टाकली तरी आपोआप लागू होते. वापरलेली डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिचं आरोग्य आणि एकूण चाललेले तास बघा. बायॉसमध्येही जाऊन या. पासवर्ड मागितला तर तो काढून घेतल्याशिवाय मशीन उचलू नका.

घरी आणल्यावर अडलं तर

पंखे फिरतात पण चित्र नाही: ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टला हवी. तरीही नाही, तर मुख्य प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅम काढून दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा, आणि एकेक स्टिक लावून पाहा. असेंबल मशीनमध्ये प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वीजकेबल लावायची राहून जाते, तीही तपासा.

विंडोज ११ ‘हे मशीन चालणार नाही’ म्हणते, पण प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे: बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) बंद असेल. इंटेल बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम.

यूएसबी वाय-फाय डोंगल सारखं तुटतं: ते यूएसबी ३च्या पोर्टला, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी लावलेलं असेल. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो. एक हाताची यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल कॅबिनेटपासून लांब आणा, किंवा राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ नेटवर्कला जोडा.

रोज सकाळी घड्याळ आणि तारीख मागे गेलेली: बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मुख्य प्लग काढून नवा बसवा, लिहिलेली बाजू वर. मग बायॉसमध्ये तारीख लावून बूटचा क्रम एकदा तपासा, कारण तिथल्या बाकीच्या सेटिंग्जही मूळपदावर गेलेल्या असतात.