अवघड काम समोर आलं की कुंड्या आठवतात?

आयकर विवरणपत्र भरायला बसलं की नेमकं मोगऱ्याच्या कुंडीतलं तण दिसतं. मग मसाल्याचे डबे पुसावेसे वाटतात, माळाही आवरावासा वाटतो. ही कामं खरीच असतात, म्हणून वेळ वाया गेल्याची टोचणी लागत नाही. आळसापेक्षा ही टाळाटाळ ओळखायला कठीण आहे ती यामुळेच.

घरकाम बंद करू नका, त्याची जागा बदला. फ्रान्चेस्को चिरिलो यांची पोमोडोरो पद्धत इथे फार कामी येते: २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. या सुट्टीत कपडे वाळत घाला, कोथिंबीर निवडा. मोबाइल मात्र नको, तो ५ मिनिटांत सुटत नाही. कुंडी बदलायलाही या वेळेत घेऊ नका. मातीत हात घातला की तास सहज जातो, शिवाय मुळं उघडी टाकून उठता येत नाही. ते काम रविवारी संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर करा. रोपालाही तेच मानवतं.

पहिली २५ मिनिटं सुरूच होत नसतील तर काम आणखी बारीक करा. ‘विवरणपत्र भरणे’ असं कागदावर लिहू नका, ‘बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र डाउनलोड करणे’ एवढंच लिहा. मधेच घरातलं काही आठवलं तर उठू नका, त्याच कागदाच्या मागे टिपून ठेवा. मनाला एवढंच हवं असतं, की ते विसरलं जाणार नाही.

झाडं सुकत असतील तर आधी पाणी घाला, बिनधास्त. तण दोन दिवस थांबेल.