मादी उंदीर ‘विसरते’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

जानेवारीत आमच्या बेळगावात सकाळी सातला पाण्यात हात घातला की बोटं बधिर होतात, आणि मी एम. फार्मच्या प्रोजेक्टला, उंदरांची स्मरणशक्ती तपासायला, त्याच पाण्यात माद्या सोडल्या होत्या. नरांचा नंबर दुपारी, तोवर गच्चीवरची काळी टाकी उन्हानं तापलेली, ते आपले कोमट पाण्यात मजेत. माद्यांना पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म सापडायला लई वेळ लागला आणि मी खुशीत ‘माद्यांची स्मरणशक्ती कमी’ असं लिहून पण टाकलं. गाईडनी एकच विचारलं, “थर्मामीटर घातलास काय रे पाण्यात?”

तर पहिलं हेच. वॉटर मेझचं, म्हणजे या पोहायच्या टेस्टचं पाणी बहुतेक ठिकाणी 22 ते 26 डिग्रीत ठेवतात, मादी वजनानं हलकी असते त्यामुळं ती लवकर गारठते, आणि गारठलेलं जनावर नीट पोहत नाही. नर-मादीच्या ट्रायल आलटून पालटून एकाच वेळी घ्या, एक गट सकाळी आणि एक दुपारी हे अजिबात नको.

रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मधे ही टेस्ट मांडली, तेव्हापासून सगळे सेकंद मोजत बसतात की किती वेळात पोचला. पण पहिल्या दिवशी मादीकडं नुसतं बघत बसा की जरा. ती भिंतीला अंग घासत कडेकडेनं गोल गोल फिरत राहते, मधे येतच नाही, मग मधला प्लॅटफॉर्म सापडणार कसा! ही भीती झाली, विसरणं नव्हे. आधी एक-दोन दिवस नुसतं पोहायची आणि प्लॅटफॉर्मवर चढायची सवय लावली तर नर-मादीतला फरक बराच कमी होतो. अंतर आणि पोहायचा स्पीड पण नोंदवा. फरक नसतोच असं मात्र म्हणू नका हं, 2005 च्या एका मोठ्या आढाव्यात रॅटमधे (मोठ्या उंदरांत) नर पुढं निघालेत, माइसमधे (छोट्या उंदरांत) मात्र तेवढं काही नाही.

आता सायकल. मादीचं हार्मोनचं चक्र 4-5 दिवसांचं असतं आणि त्यातल्या प्रोएस्ट्रस ते एस्ट्रस या टप्प्यांमधल्या एका दिवसात हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला आठवणींचा भाग) सीए1 भागातले स्पाइन, म्हणजे पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, साधारण 30 टक्क्यांनी घटतात, हे 1990 मधेच दिसलंय. एवढं ऐकून लोक घाबरतात आणि ‘माद्यांचा डेटा हलतो’, म्हणजे आकडे फार वरखाली होतात, म्हणून फक्त नर मागवतात. ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक, कारण 2016 मधे रॅटचे ढीगभर पेपर एकत्र तपासले तर माद्यांचा डेटा नरांपेक्षा जास्त हलत नव्हता. तुमचा प्रश्न हार्मोनचाच असेल तर स्मिअर काढा (योनीतल्या पेशी काचेवर घेऊन बघणं), रोज एकाच वेळी, आणि नरांना पण तेवढंच हाताळा. स्लाइडवर पातळ पोह्यांसारख्या चपट्या पेशी पसरलेल्या दिसल्या की एस्ट्रस, खसखस सांडल्यासारखे बारीक गोल ठिपके भरले की डायएस्ट्रस हा दुसरा टप्पा. दोन दिवसात डोळा बसतो.

पिंजऱ्याची कार्डं पण तपासा. आमच्यात कोण ‘मादी’ लिहायचं, कोण कन्नडमधे ‘हेण्णु’, कोण नुसतं ‘एफ’, आणि नवीन पोरानं एकदा ‘एम’ म्हणजे मादी समजून आख्खा रॅक उलटा लावला!

शॉकच्या टेस्टमधे, जिथं आवाजानंतर शॉक बसतो हे शिकवतात, वेगळाच घोळ. नर बऱ्याचदा जागेवर थिजतो, पण काही माद्या आवाज ऐकला की सूऽऽ करून पळतात, याला डार्टिंग म्हणतात, 2015 मधे यावर पेपर आला. तुम्ही फक्त फ्रीझिंग, म्हणजे थिजणं मोजलं तर ती बिचारी शिकून पण नापास. आणि शटल बॉक्समधे, म्हणजे दोन कप्प्यांच्या पेटीत, जिथं शॉक चुकवायला पळायचंच असतं, तिथं माद्याच बहुतेक लवकर शिकतात.

आकड्यांचं थोडक्यात: औषध नरांत सिग्निफिकंट आलं आणि माद्यांत नाही, म्हणून ‘लिंगभेद आढळला’ होत नाही, इंटरॅक्शन, म्हणजे औषधाचा परिणाम दोघांत खरंच वेगळा आहे का, ते तपासावं लागतं. एका विणीतली आठ पिल्लं म्हणजे आठ वेगळे उंदीर धरू नका.

आणि वहीत एक कॉलम वाढवा, त्या दिवशी हाताळलं कोणी, पुरुषानं की बाईनं. 2014 मधे दिसलं की पुरुषाच्या नुसत्या वासानं, त्यानं घातलेल्या टीशर्टनं पण, उंदरांवर ताण येतो. आमच्यात सकाळची पाळी माझी आणि दुपारची मैत्रिणीची, म्हणजे माद्यांना गार पाणी आणि वर माझा टीशर्ट.