हीट डिटेक्टर बसवताना आणि तपासताना या चुका टाळा

हीट डिटेक्टरला आग कळत नाही. त्याला कळतं ते फक्त स्वतःच्या आतल्या घटकाचं तापमान. छताखालची हवा ५७ अंशांवर गेली की ५७ अंशांचा डिटेक्टर त्याच क्षणी वाजेल, असं बरेच जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात आधी हवा तापते, मग डिटेक्टरचं कवच आणि त्यानंतर आतला घटक. आग झपाट्याने वाढत असेल तर अलार्म येईपर्यंत भोवतालची हवा ५७ च्या बरीच पुढे गेलेली असते. याला थर्मल लॅग म्हणतात. पुढच्या बऱ्याच चुका हा उशीर विसरल्यामुळेच होतात.

स्मोक काढून हीट लावणं

स्मोक डिटेक्टर सारखा खोटा वाजतो, म्हणून त्याच बेसवर (छतावर पक्क्या बसवलेल्या बैठकीवर) हीट हेड (डिटेक्टरचा फिरवून काढता-घालता येणारा भाग) फिरवून मोकळं व्हायचं, हा आवडता शॉर्टकट आहे. यात दोन घोटाळे होतात. पहिला म्हणजे, धुमसणारी गादी किंवा तापलेली केबल भरपूर धूर करते, पण छताखालची हवा फारशी तापवत नाही. त्यामुळे झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर हीट डिटेक्टरच्या भरवशावर राहू नये. स्वयंपाकघर, बॉयलर रूम, धुळीची किंवा वाफेची जागा इथे तो योग्य.

दुसरा घोटाळा अंतराचा, आणि तो सहसा लक्षातच येत नाही. ब्रिटिश मानक बीएस ५८३९ नुसार सपाट छताखाली खोलीतला कुठलाही बिंदू स्मोक डिटेक्टरपासून ७.५ मीटरच्या आत हवा, तर हीट डिटेक्टरपासून ५.३ मीटरच्या आत. चौकोनी जाळी मांडली तर स्मोकसाठी दोन डिटेक्टरमधलं अंतर सुमारे १०.६ मीटर येतं आणि हीटसाठी ७.५ मीटर. म्हणजे ७.५ हा आकडा एका ठिकाणी त्रिज्या आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोन डिटेक्टरमधलं अंतर. गोंधळ इथेच सुरू होतो. स्मोकचं एक हेड साधारण ११२ चौरस मीटर सांभाळतं, हीटचं जेमतेम ५६. जुन्याच बेसवर हीट हेड लावली की प्रत्येक चार हेडच्या मधोमध मोठा तुकडा उघडा पडतो. पॅनलवर (सगळे डिटेक्टर जोडलेल्या मुख्य पेटीवर) मात्र सगळं हिरवंगार.

तापमान आणि प्रकार चुकवणं

फिक्स्ड टेम्परेचर प्रकार ठराविक तापमानाला वाजतो. रेट ऑफ राइज प्रकार तापमान वाढण्याचा वेग बघतो. मिनिटाला सुमारे ८.३ अंश हा नेहमीचा आकडा. जुन्या हवेच्या कप्प्याच्या डिटेक्टरमध्ये तापलेली हवा फुगते आणि बारीक छिद्रातून निसटत राहते. वाढ जोरात असली तर छिद्र पुरं पडत नाही, पडदा उचलला जातो आणि संपर्क जुळतो. ते छिद्र धुळीने बुजलं तर रोजच्या साध्या उकाड्यानेही अलार्म येऊ शकतो. उलट कप्पाच कुठे गळत असेल तर वेगाने वाढणारी उष्णताही त्याला कळत नाही, आणि बाहेरून बघून हा दोष सापडत नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकारात हेच काम थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा घटक, करतो.

भट्टीचं दार, गरम हवेचा झोत किंवा कोल्ड स्टोअरचा दरवाजा जवळ असेल तर रेट ऑफ राइज लावू नका. तिथे तापमान रोजच उड्या मारतं. अशा ठिकाणी फिक्स्ड घ्या. ईएन ५४-५ या युरोपीय मानकातले डिटेक्टर असतील तर तापमानाच्या वर्गाच्या (ए१, बी, सी वगैरे) अक्षरापुढे ‘एस’ आहे का ते पाहा. ‘आर’ हे वेग बघणाऱ्यांचं चिन्ह.

वर्ग ठरवताना खोलीचं तापमान धरून चालत नाही. छताला लागून थर्मामीटर ठेवा आणि वर्षातल्या सगळ्यात गरम दुपारचा आकडा घ्या. ए१ वर्ग छताजवळच्या कमाल ५० अंशांपर्यंतच चालतो, बी ६५ आणि सी ८० पर्यंत. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ए१ लावला तर खोटा अलार्म ठरलेलाच. पण भीतीपोटी थेट सी लावणंही चूक, कारण तो किमान ८४ अंशांवर वाजतो आणि वर थर्मल लॅग आहेच.

घटक छताच्या २५ ते १५० मिलिमीटर खाली आणि भिंतीपासून किमान अर्धा मीटर दूर हवा. एसीच्या हवा सोडणाऱ्या जाळीपासून एक मीटर तरी अंतर ठेवा.

वायरिंग: हेड काढलं तरी पॅनल गप्प

कन्व्हेन्शनल झोनमध्ये, म्हणजे एका भागातली सगळी हेड एकाच केबलवर असतात आणि पॅनलला फक्त तो भाग कळतो तिथे, ही सगळ्यात सोपी चाचणी. एक हेड फिरवून काढा. पॅनलवर त्या झोनचा फॉल्ट यायलाच हवा. आला नाही तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं. वायर न कापता, फक्त सोलून टर्मिनलभोवती गुंडाळलेली असते. किंवा मधूनच फाटा काढून हेड जोडलेलं असतं. किंवा एण्ड ऑफ लाइन रेझिस्टर (केबल शाबूत आहे हे पॅनलला कळावं म्हणून तिच्या टोकाला लावायचा रोध) शेवटच्या बेसऐवजी पॅनलमध्येच बसवलेला असतो, मग अख्खी केबल तुटली तरी पॅनलला पत्ता नाही.

हेडमध्ये नुसता संपर्क असेल, इलेक्ट्रॉनिक्स नसेल, तर मल्टिमीटरने पुढची तपासणी होते. झोनची केबल पॅनलपासून सोडवा आणि मोजा. रेझिस्टर ४.७ किलोओमचा असेल तर तेवढंच, वर केबलचे थोडे ओम, असं दिसायला हवं. २.३५ च्या आसपास आलं तर झोन वाढवताना कुणीतरी जुना रेझिस्टर काढायला विसरलं आहे. दोन समांतर बसलेत.

याच साध्या संपर्काच्या हेडची आणखी एक खोड आहे. वाजताना ते लाइन सरळ शॉर्ट करतं. शॉर्टला फॉल्ट मानणाऱ्या पॅनलवर मग खऱ्या आगीतही अलार्मऐवजी पिवळा दिवा लागतो. तिथे हेडसोबत सिरीजमध्ये अलार्म रेझिस्टर लागतो, बहुधा ४७० किंवा ६८० ओमचा. नेमकी किंमत पॅनलच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

अ‍ॅड्रेसेबल लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक हेडला पॅनल वेगळ्या पत्त्याने ओळखतं तिथे, हेड बदलल्यावर जुनाच पत्ता दिलाय ना, आणि दोघांना एकच पत्ता गेला नाही ना, एवढं पाहा.

तपासणीतच डिटेक्टर मारणं

लायटर धरू नका. प्लास्टिक वितळतं, काजळी घटकावर बसते. गरम हवेचा टेस्टर वापरा, पण त्याआधी हेड परत वापरता येणारं आहे का ते वाचा. काही फिक्स्ड हेडमध्ये वितळणाऱ्या मिश्रधातूचा टाका असतो. तो एकदा सुटला की हेड संपलं. त्याची तपासणी टर्मिनलवर विजेनेच करायची. दोन्ही प्रकार एकत्र असलेल्या हेडमध्ये वेगाचा भाग पूर्ववत होतो, टाका होत नाही. म्हणून थोडीच उष्णता द्या आणि अलार्म येताच झोत बाजूला घ्या.

अलार्मनंतर पॅनल रिसेट केलं आणि लगेच पुन्हा वाजलं, तर हेड खराब ठरवून फेकू नका. घटक अजून गरम आहे. दोन-तीन मिनिटं थंड होऊ द्या, मग रिसेट करा.

रंगकामानंतर एकदा शिडी लावून वर बघाच. बांधकामावेळी बसवलेली प्लास्टिकची टोपी तशीच राहिलेली असते, किंवा घटकावर रंगाचा थर चढलेला असतो. टोपी काढून टाकता येते. रंग खरवडायला जाऊ नका, हेड बदला.