स्टॅटिस्टिक्सची फायनल: सूत्रं नंतर, आधी प्रश्न ओळखा

तीन आठवडे हातात आहेत असं धरून चालते. वही, जुने पेपर, कॅल्क्युलेटर आणि अभ्यासक्रमाची यादी जवळ असेलच. रंगीत पेनांनी वेळापत्रक काढायला बसला असाल तर ते बाजूला ठेवा. मी एकदा असं वेळापत्रक करण्यात अख्खी दुपार घालवली होती आणि दुसऱ्याच दिवशी ते कोलमडलं.

या विषयाचे पेपर मी स्वतः बरेच दिले, नंतर इतरांची तयारी करून घेतली. प्रत्येक वेळी तोच सल्ला कानावर येतो: पहिल्या धड्यापासून नीट वाचत जा, सूत्रं पाठ करा, प्रत्येक धड्याखालची गणितं सोडवा. दिसायला शहाणपणाचा सल्ला आहे. याच सल्ल्यावर भरवसा ठेवून मी एक पेपर बिघडवून घेतला आहे.

पहिल्या दिवशी: एक जुना पेपर, तयारीशिवाय

काहीही न वाचता एक जुना पेपर घ्या आणि तासभर झटा. गुण मोजू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा: काय करायचं ते कळलंच नाही, कळलं पण सूत्र आठवलं नाही, सूत्र बरोबर होतं पण आकडेमोड चुकली. बहुतेकांना वाटतं आपली गाडी दुसऱ्या खुणेवर अडली असेल. खुणा मोजल्यावर पहिलीच सर्वांत जास्त निघते. तसं झालं तर पुढचा मोठा भाग तुमच्यासाठी आहे.

दिवसांची वाटणी

एकवीस दिवसांपैकी पहिले सात-आठ धड्यांना, पुढचे दहा मिसळलेल्या प्रश्नांना, उरलेले पूर्ण पेपरना. लोक नेमकं उलट करतात. अठरा दिवस धडे आणि शेवटी घाईघाईने एखादा पेपर.

सोपे धडे: एका संध्याकाळीत

सरासरी, मीडियन, मोड, आलेख, क्वार्टाइल. कॅल्क्युलेटरचा स्टॅटिस्टिक्स मोड शिकून घ्या आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीपासून किती पांगलेत, त्या मापाच्या) दोन बटणांपैकी कोणतं एन-ने (म्हणजे आकडे किती आहेत त्या संख्येने) भागतं आणि कोणतं एन वजा एक-ने, ते बघून ठेवा. नमुन्यावरून अंदाज बांधायचा असेल तर दुसरं. संपला विषय.

संभाव्यतेत बेझच्या सूत्राने छळलं तर सूत्र सोडा, माणसं मोजा. समजा आजार शंभरात एकाला आहे, चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी असलेल्या ५ टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. दहा हजार माणसं घ्या. आजारी १००, त्यातले ९० पकडले. निरोगी ९,९००, त्यातले ४९५ चुकून पकडले. पॉझिटिव्ह आलेल्या ५८५ पैकी खरे आजारी ९० म्हणजे सुमारे १५ टक्के. बहुतेक परीक्षकांना ही रीत चालते, फक्त मांडणी स्वच्छ हवी.

आता खरं अवघड: कोणती टेस्ट लावायची

माझा बिघडलेला प्रश्न असा होता. काही लोकांचा रक्तदाब उपचारापूर्वी मोजला, नंतर पुन्हा मोजला, फरक पडला का? मी दोन स्वतंत्र नमुन्यांची टी-टेस्ट (दोन वेगळ्या गटांच्या सरासऱ्या ताडून बघणारी) लावली. आकडेमोड शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर, उत्तर साफ चूक. माणसं तीच होती, त्यामुळे पेअर्ड टी-टेस्ट हवी होती. त्याच आठवड्यात मी पेअर्ड टी-टेस्टची पंचवीस-तीस गणितं सोडवली होती, त्याचं जास्त दुःख. पण ती सगळी ‘पेअर्ड टी-टेस्ट’ या मथळ्याखाली छापलेली होती. कोणती टेस्ट हा निर्णय मथळ्यानेच घेऊन टाकला होता, माझ्याकडे उरली होती फक्त बेरीज-वजाबाकी. परीक्षेत मथळे नसतात.

हा केवळ माझा अनुभव नाही. रोहरर आणि टेलर या दोन संशोधकांनी २००७ साली विद्यार्थ्यांना घनाकृतींच्या घनफळाची गणितं दिली. एका गटाला प्रकारवार, दुसऱ्याला मिसळून. सराव करताना प्रकारवार गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळलेल्या गटाची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा प्रकारवार गट २० टक्क्यांवर आला आणि मिसळलेला ६३ वर. म्हणजे सराव करताना ‘जमतंय जमतंय’ असं ज्यांना वाटत होतं तेच आपटले. मिसळलेला सराव नकोसा वाटतो, कारण त्यात चुका डोळ्यांसमोर होतात. तो नकोसा वाटला तरी सोडू नका.

करायचं असं. जुन्या पेपरांतून आणि पुस्तकातून चाळीस-पन्नास प्रश्न वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा. धड्याचं नाव लिहायचं नाही. उत्तर मागे लिहा. चिठ्ठ्या पिसा. रोज दहा-बारा उचला आणि एकही गणित सोडवू नका. हात शिवशिवेल, कॅल्क्युलेटरकडे जाईल. तो दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक चिठ्ठीसाठी फक्त चार गोष्टी विचारायच्या:

१. एकेका व्यक्तीमागे नोंदवलंय काय? मोजमाप (तास, किलो, गुण) की वर्ग (हो/नाही, पास/नापास)?
२. गट किती?
३. दोन गट असतील तर माणसं तीच की वेगळी?
४. पॉप्युलेशनचं (ज्यातून नमुना घेतला त्या पूर्ण समूहाचं) स्टँडर्ड डेव्हिएशन दिलंय की नमुन्यावरून काढलंय?

मग कागदावर टेस्टचं नाव आणि पुढे ‘कारण’ घालून एक वाक्य. ‘पेअर्ड टी, कारण तीच माणसं दोनदा मोजली आहेत.’ कारण न लिहिता नुसतं नाव लिहिणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. नाव बरोबर आणि कारण चूक असेल तर चिठ्ठी चुकलेल्यांच्या गठ्ठ्यात टाका. इथे स्वतःला सवलत देऊ नका, मी देत असे आणि आठवडा वाया गेला. चुकलेल्या चिठ्ठ्या दोन दिवस सोडून परत पिसायच्या गठ्ठ्यात घाला. दहांतल्या नऊ, योग्य कारणांसकट, सलग दोन दिवस जमल्या की पुढे जा.

विषयाच्या शब्दांवरून टेस्ट ओळखू पाहणारे हमखास फसतात. औषध दिसलं की हे, पगार दिसला की ते. ही सवय मोडायला माझा एक उपाय आहे: एकच विषय घेऊन त्याचे पाच प्रश्न स्वतः तयार करायचे. झोप घेऊ.

पंचवीस विद्यार्थ्यांची झोप सरासरी ६.४ तास, स्टँडर्ड डेव्हिएशन १.१, ही सरासरी ७ पेक्षा वेगळी म्हणता येईल का? एक गट, मोजमाप, डेव्हिएशन नमुन्यातलं, म्हणून एका नमुन्याची टी-टेस्ट. त्याच पंचवीस जणांची झोप परीक्षेआधी आणि परीक्षेनंतर? पेअर्ड. वसतिगृहातले पंचवीस आणि घरी राहणारे तीस, झोपेचे तास सारखे आहेत का? दोन स्वतंत्र नमुने. दोन्ही ठिकाणी सहा तासांहून कमी झोपणारे किती, याचं प्रमाण सारखं आहे का? आता तास गेले, फक्त हो/नाही उरलं, म्हणून काय-स्क्वेअर. आणि प्रत्येकाची झोप व त्याचे गुण यांचा काही संबंध आहे का? एका माणसामागे दोन मोजमापं, म्हणून कोरिलेशन किंवा रिग्रेशन.

पाचही प्रश्नांत झोपच आहे. असे तीन विषय घेऊन पंधरा प्रश्न स्वतः बनवा. दुसऱ्याने बनवलेले पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा हे जास्त शिकवतं, कारण कोणता शब्द बदलला की टेस्ट बदलते ते तुमच्याच हातून घडतं.

याच टप्प्यावरचे आणखी दोन खड्डे.

पहिला: ‘नमुना तीसपेक्षा लहान तर टी, मोठा तर झेड.’ (झेड म्हणजे पॉप्युलेशनचं डेव्हिएशन माहीत असताना लावायची टेस्ट.) हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. खरा प्रश्न वरचा चौथा आहे: पॉप्युलेशनचं डेव्हिएशन माहीत आहे का? नसेल तर आपण नमुन्यातून काढलेला आकडा वापरतो, आणि लहान नमुन्यात तो आकडाच डळमळीत असतो. विल्यम गॉसेटला डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करताना हीच अडचण आली. त्याने १९०८ साली त्यावरचा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला आणि म्हणून आपण अजून ‘स्टुडंट्स टी’ म्हणतो. डळमळीतपणाची किंमत टी-टेबलमध्ये दिसते. ९५ टक्के, दोन्ही बाजू धरून, ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (एका नमुन्यात हा आकडा एन वजा एक) सीमारेषा २.२६२, ३० ला २.०४२, झेडला १.९६. तीसपुढे फरक क्षुल्लक होत जातो, म्हणून पूर्वी सोयीसाठी तो नियम आला. तुमच्या पुस्तकात तीसचाच नियम असेल तर परीक्षेत मुकाट्याने तो वापरा, परीक्षकाशी वाद घालण्याची ती जागा नव्हे. पण मागचं कारण माहीत असू द्या.

दुसरा: प्रश्न एका माणसाबद्दल आहे की सरासरीबद्दल? सरासरी १००, डेव्हिएशन १५. कोणी एक जण १०५ च्या वर असण्याची शक्यता विचारली तर झेड (सरासरीपासून किती डेव्हिएशन दूर) ०.३३ आणि उत्तर ३७ टक्क्यांच्या आसपास. छत्तीस जणांची सरासरी १०५ च्या वर असण्याची शक्यता विचारली तर आधी १५ ला ६ ने भागायचं, स्टँडर्ड एरर (म्हणजे सरासरीचं डेव्हिएशन) २.५, झेड २, उत्तर जेमतेम सव्वादोन टक्के. आकडे तेच, फरक ‘सरासरी’ या एका शब्दाचा. प्रश्न वाचताना हा शब्द दिसला की त्याभोवती गोल करा. अजूनही करते मी.

सूत्रं

पाठ करायला फार नाहीत. झेड आणि टी-टेस्टच्या सगळ्या सूत्रांचा सांगाडा एकच: जे दिसलं त्यातून जे गृहीत धरलं ते वजा करा आणि स्टँडर्ड एररने भागा. झोपेच्या पहिल्या प्रश्नात ६.४ वजा ७, भागिले १.१/५, म्हणजे उणे २.७३, २४ डिग्रीज ऑफ फ्रीडमला सीमा २.०६४, म्हणून नल हायपोथेसिस (‘फरक नाही, सरासरी ७ च आहे’ हे गृहीतक) नाकारायचं. बदलतो तो फक्त छेद. परीक्षेत सूत्रांचा कागद मिळणार असला तरी स्वतःच्या हाताने एक पानभर लिहून काढा. काय-स्क्वेअरसाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम ओळी वजा एक गुणिले स्तंभ वजा एक, आणि अपेक्षित संख्या पाचच्या खाली घसरल्या नाहीत ना, ते तपासा.

शेवटचं वाक्य

गणित बरोबर सोडवून निष्कर्षाच्या वाक्यात गुण घालवणारे मी ढिगाने पाहिले आहेत. पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे ‘नल हायपोथेसिस खरं असण्याची शक्यता ३ टक्के’ असं लिहिलंत तर गुण गेले. अर्थ असा: नल हायपोथेसिस खरं असतं, तर एवढा किंवा याहून टोकाचा निकाल दिसण्याची शक्यता ३ टक्के. तसंच ‘नल स्वीकारलं’ लिहू नका, ‘नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ लिहा. ही दोन वाक्यं मात्र खुशाल घोका. निष्कर्षात मूळ विषयाचे शब्द यायला हवेत: झोप, विद्यार्थी, सात तास. नुसतं ‘एच-शून्य (म्हणजे नल हायपोथेसिस) नाकारलं’ म्हणजे अर्धवट उत्तर.

पूर्ण पेपर

निदान दोन, घड्याळ लावून, वही बंद. तीन तासांचा शंभर गुणांचा पेपर असेल तर एका गुणाला पावणेदोन मिनिटांहून किंचित जास्त मिळतात. पाच गुणांच्या प्रश्नावर वीस मिनिटं बसलात की दुसऱ्या कुणाचा तरी बळी गेला. पहिली पाच मिनिटं काहीही न सोडवता प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलने टेस्टचं नाव लिहा. चिठ्ठ्यांचा सराव इथे कामाला येतो. परीक्षेतही हेच करायचं.

आदल्या रात्री

नवा धडा उघडू नका. चुकलेल्या चिठ्ठ्या एकदा चाळा आणि परीक्षेत जे टेबल मिळणार आहे ते बघून घ्या. झेड-टेबलं वेगवेगळ्या तऱ्हेची असतात. १.९६ समोर काही टेबलांत ०.४७५० असतं, कारण ती शून्यापासून मोजतात, काहींत ०.९७५०, कारण ती डावीकडून सगळं क्षेत्रफळ धरतात, काहींत ०.०२५०, म्हणजे फक्त उजवीकडची शेपटी. पेपर हातात आल्यावर सगळ्यात आधी १.९६ शोधा आणि त्यापुढे काय छापलंय ते बघा.