स्पायवेअर काढलं आणि नेट बंद पडलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

स्कॅन पूर्ण होतो, सगळे धोके काढल्याचा संदेश येतो, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. वाय-फायचं चिन्ह व्यवस्थित दिसतंय, घरातल्या मोबाइलवर नेट चालतंय, अडलाय तो फक्त हाच कॉम्प्युटर. दुकानात नेला तर पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाका." बहुतेक वेळा त्याची गरज नसते. बॅकअप घेतलेला नसेल तर फोटो, हिशेबाच्या फाइली, मुलांचे प्रोजेक्ट सगळंच जायचं.

असं होतं कारण बरीच स्पायवेअर (गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम) तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये ठाण मांडतात. तुम्ही काय पाहता ते आपल्या हातून जावं म्हणून ती विंडोजची नेटवर्क सेटिंग बदलतात. अँटिव्हायरस त्यांच्या फाइली उडवतो, पण बदललेली सेटिंग पूर्ववत करेलच असं नाही. मग विंडोज आता अस्तित्वातच नसलेल्या प्रोग्रामकडे पानं मागत राहतं. ही उरलेली सेटिंग शोधायची आणि मूळ जागी आणायची, एवढंच काम आहे. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. अवतरणातल्या कमांड कंसात दिल्याप्रमाणे इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, मधल्या जागा सोडून टाइप करायच्या.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

त्याच वाय-फायवर मोबाइल चालतोय का ते बघा, मोबाइलचा डेटा बंद करून. तोही चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा, कॉम्प्युटरला हात लावू नका. मोबाइल चालत असेल तर स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "पिंग ८.८.८.८" (ping 8.8.8.8) द्या, म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का ते बघा. मग त्याच पद्धतीने एखाद्या ओळखीच्या साइटचं नाव पिंग करा.

आकड्याला उत्तर येतं पण नाव सापडत नाही, तर डीएनएस (नावावरून आकडी पत्ता शोधणारी व्यवस्था) बिघडलंय. दोन्हींना उत्तर येतं आणि तरी ब्राउझर हलत नाही, तर संशय प्रॉक्सीवर, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेटच्या मध्ये बसणाऱ्या मध्यस्थावर. कशालाच उत्तर नसेल तर "आयपीकॉन्फिग" (ipconfig) द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही; त्याचा उपाय खाली 'विनसॉक'मध्ये आहे. ही पाच मिनिटं घालवाच. हे न करता दहा सेटिंग एकदम बदलली, की नेमकं काय बिघडलं होतं ते पुढे कुणालाच सांगता येत नाही.

प्रॉक्सी: पहिला संशयित

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'प्रॉक्सी' उघडा. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि पत्त्याच्या चौकटीत १२७.०.०.१ किंवा 'लोकलहोस्ट' लिहिलेलं असेल, तर बहुधा चोर सापडला. १२७.०.०.१ म्हणजे हाच कॉम्प्युटर. स्पायवेअर इथेच बसून सगळी पानं आपल्यामार्फत नेत होतं. आता ते गेलं, पण ब्राउझर अजून त्याच दारावर थाप मारतोय. हे बटण बंद करा. 'यूज सेटअप स्क्रिप्ट' हेही अनोळखी पत्त्यासह चालू असेल तर तेही बंद करा. 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' चालू राहू द्या.

क्रोम आणि एज हीच सेटिंग वापरतात. फायरफॉक्सची प्रॉक्सी मात्र त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असू शकते, ती वेगळी तपासा. ब्राउझरमधलं एखादं एक्स्टेंशनही प्रॉक्सी ताब्यात ठेवतं, म्हणून तुम्ही न टाकलेली एक्स्टेंशन काढून टाका. शेवटी कमांड प्रॉम्प्ट उजव्या क्लिकने 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि "नेटएसएच विनएचटीटीपी रिसेट प्रॉक्सी" (netsh winhttp reset proxy) द्या. नाहीतर ब्राउझर चालू होतो आणि विंडोज अपडेट अडकून राहतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर प्रॉक्सी कंपनीनेच लावलेली असू शकते. ती बंद करण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा.

डीएनएस आणि होस्ट्स फाइल

साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती बदलली की तुम्ही बँकेचं नाव टाइप करता आणि पोचता भलतीकडेच. 'डीएनएसचेंजर' नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) जगभरात सुमारे ४० लाख कॉम्प्युटरवर हेच केलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने ही टोळी उघडकीला आणली. पण तिचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर तेवढ्या सगळ्यांचं नेट एका झटक्यात गेलं असतं. म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले.

तुमच्याकडे करायचं ते असं: वाय-फाय किंवा इथरनेटच्या माहितीत 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' (विंडोज १० मध्ये 'आयपी असाइनमेंट') समोर 'एडिट' दाबा आणि 'ऑटोमॅटिक' निवडा. मग "आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस" (ipconfig /flushdns) द्या. डीएनएसचेंजर राउटरमध्येही शिरत असे, तेव्हा राउटरच्या सेटिंगच्या पानावरचं डीएनएसही बघा आणि त्याचा मूळ पासवर्ड बदला.

काही मोजक्याच साइट उघडत नसतील, विशेषतः अँटिव्हायरस कंपन्यांच्या, तर होस्ट्स (hosts) फाइल तपासा, म्हणजे विंडोजमधली साइटची नावं आणि पत्ते यांची यादी. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांत क्रमाने जा. फाइल दिसत नसेल तर खाली 'ऑल फाइल्स' निवडा. विंडोजच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक ओळ हॅश (#) चिन्हाने सुरू होते. हॅश नसलेल्या, तुम्ही न लिहिलेल्या ओळी पुसा आणि सेव्ह करा.

विनसॉक

कुठलाही प्रोग्राम नेटवर्कशी बोलतो तो विंडोजच्या विनसॉक या थरातून. २००० नंतरच्या काही वर्षांत न्यूडॉटनेटसारखे प्रोग्राम या साखळीत स्वतःची कडी अडकवत. ती फाइल नुसती डिलीट केली की साखळी तुटे आणि सगळंच नेट बंद पडे. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत साखळी पुन्हा जोडणारी कमांड आली. ती आजही चालते: ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेटएसएच विनसॉक रिसेट" (netsh winsock reset), मग "नेटएसएच आयएनटी आयपी रिसेट" (netsh int ip reset), आणि मग रीस्टार्ट. रीस्टार्टशिवाय फरक पडत नाही. आयपी पत्ता हाताने भरलेला असेल तर तो आधी लिहून ठेवा, कारण दुसरी कमांड तो पुसते.

पत्ता १६९.२५४ चाच राहिला तर 'सर्व्हिसेस' उघडा. 'डीएचसीपी क्लायंट' आणि 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहेत ना, आणि 'ऑटोमॅटिक'वर आहेत ना, ते बघा.

एवढ्यानेही भागलं नाही तर 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधलं 'नेटवर्क रिसेट' वापरा. यात नेटवर्कचे सगळे ॲडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातात, फाइलींना धक्का लागत नाही. वाय-फायचा पासवर्ड मात्र पुन्हा टाकावा लागतो आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. हा उपाय मुद्दाम शेवटी ठेवलाय.

नेट आलं, पण रीस्टार्टनंतर प्रॉक्सी आपोआप परत चालू झाली?

मग स्पायवेअर गेलेलंच नाही. 'टास्क शेड्यूलर' आणि टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' तपासा, आणि 'विंडोज सिक्युरिटी'तून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे स्पायवेअरला लपणं अवघड जातं. तो होईपर्यंत या कॉम्प्युटरवरून बँकेत लॉगिन करू नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.