चमकते ठिपके मोजून अल्प किरणोत्सर्ग ओळखणे

ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक, मिलीग्रे त्याचा हजारावा भाग. १०० मिलीग्रेपर्यंतच्या मात्रेला अल्प मात्रा म्हणतात. १ ग्रेला एका द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशीत डीएनएच्या सुमारे ३५ दुहेरी तुटी (दोन्ही धागे तुटणे) पडतात, म्हणजे १० मिलीग्रेला तीन पेशींमागे साधारण एक. तुटीपाशी ५३बीपी१ हे प्रथिन काही मिनिटांत गोळा होते. त्याला जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडले की तिथे चमकता ठिपका दिसतो. डीएनए तुटल्यावर चालू होणाऱ्या पी२१ जनुकाच्या प्रवर्तकापुढे (जनुक चालू करणाऱ्या भागापुढे) जीएफपीचे जनुक बसवूनही मापन करतात, पण नवे प्रथिन बनून चमकू लागेपर्यंत तास जातात. अल्प मात्रेसाठी ठिपकेच बरे.

अडचण ठिपके दिसण्याची नसते. किरण न दिलेल्या पेशींतही ठिपके असतात आणि खरा फरक त्यात बुडतो. म्हणून सगळी मेहनत शून्य, म्हणजे किरण न दिलेल्या पेशींची मोजणी, स्वच्छ ठेवण्यावर करा.

आरपीई-१ (माणसाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) सारख्या जवळजवळ द्विगुणित पेशी घ्या. पूर्ण ५३बीपी१ घालू नका. १२२० ते १७११ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या घटकांचा) तुकडा तुटीपाशी जातो आणि पेशीच्या कामात कमी ढवळाढवळ करतो. एका पेशीपासून वाढवलेल्या वंशांतून मंद चमकणारा वंश निवडा. प्रथिन जास्त झाले की अख्खे केंद्रक उजळते आणि लहान ठिपके हरवतात.

डीएनएची प्रत काढताना राहिलेल्या दोषांमुळेही ५३बीपी१ जमते. पेशी बशीचा तळ भरेपर्यंत पूर्ण दाटू द्या, वाढीच्या द्रवातले सीरम (पेशींना वाढवणारा रक्तद्रव) ०.२ टक्क्यांवर आणा आणि ४८ तास थांबा. विभाजन थांबले की हे खोटे ठिपके बरेच घटतात.

क्ष-किरण देणार असाल तर पेशी काचेवर वाढवू नका. काचेतून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन पेशींना मिळणारी मात्रा जवळपास दुप्पट करू शकतात, आणि मग मात्रा व ठिपके जोडणारी मापनाची सगळी रेषाच चुकते. पातळ प्लॅस्टिकच्या तळाची बशी वापरा, मात्रामापक तिच्याच जागी ठेवून मात्रा मोजा. यंत्र अधिकृत चालकानेच चालवावे.

मात्रा ०, ५, १०, २०, ५० आणि १०० मिलीग्रे. पद्धत चालते हे पाहायला एक बशी ५०० मिलीग्रेची. शून्याची बशीही यंत्रात तितकाच वेळ ठेवा, फक्त किरण सोडू नका. किरण देताना बश्या बर्फावर असाव्यात, म्हणजे दुरुस्ती सुरू होत नाही. मग सगळ्या एकदम ३७ अंशांवर ३० मिनिटे. उशीर केलात तर ठिपके मिटू लागतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक गेलेले असतात. त्यामुळे ही पद्धत ताजा संपर्कच सांगते.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटे ठेवून पेशी पक्क्या करा, बफरने तीनदा धुवा. मिथेनॉल टाळा, त्याने जीएफपीची चमक जाते. पेशींवर झाकण बसवताना घालायच्या आच्छादन द्रवाचा पीएच ७.५ ते ८ ठेवा. आम्लात चमक मंदावते. केंद्रकाचा रंग पेशी पक्क्या केल्यावरच द्या. जिवंत पेशींना होएक्स्ट हा केंद्रकाचा रंग देऊन त्यावर अतिनील प्रकाश पाडला तर त्यानेच डीएनए तुटतो.

६३ पट तेल-भिंगाने ०.४ मायक्रोमीटर अंतराने थर टिपा. सगळ्या बश्यांना प्रकाश आणि एक्स्पोजर तंतोतंत सारखे हवे. स्लाइडवरची नावे झाकून दुसऱ्याकडून मोजणी करवा, कारण मात्रा माहीत असली की डोळा ठिपके शोधू लागतो.

किती पेशी मोजायच्या? समजा शून्याला सरासरी ०.५ ठिपके आहेत. १० मिलीग्रेला ०.३५ ची भर पडते. ती तीन प्रमाण-त्रुटींइतकी (प्रमाण-त्रुटी म्हणजे सरासरीतल्या फरकाची योगायोगाने होणारी हालचाल) ठरायला प्रत्येक गटात साधारण १०० पेशी लागतात. ५ मिलीग्रेला तोच हिशेब ३५० वर जातो. हे आकडे प्वासाँ वितरणाचे, म्हणजे ठिपके निव्वळ योगायोगाने विखुरले आहेत असे धरून काढलेले, आहेत. प्रत्यक्षात पेशी-पेशीतला फरक त्याहून जास्त असतो, म्हणून दुप्पट ते तिप्पट मोजा आणि तीन स्वतंत्र दिवशी प्रयोग करा. शून्याची सरासरी दिवसागणिक हलत असेल तर अल्प मात्रेचे आकडे वाचू नका. आधी पेशी खरोखर थांबल्या आहेत का ते पाहा.