दोन तासांच्या व्हिडिओतून तीन मिनिटांची क्लिप कापताना

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण पेनड्राइव्हवर हाती येते ते दोन तासांचे, आणि घरच्यांना त्यातले हवे असते ते आपल्या मुलीचे तीन मिनिटांचे कोळीनृत्य. एवढ्यासाठी महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची किंवा कोणाच्या स्टुडिओत जाऊन बसण्याची गरज नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे एव्हिडेमक्स हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते. त्याचे रूप जुनाट आहे, पण कापायचे आणि सेव्ह करायचे एवढेच काम असेल, तर मी दुसरे काही उघडत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ फाइल पेनड्राइव्हवरून संगणकावर एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी आणि पेनड्राइव्ह काढून ठेवावा. हे सांगण्याचा अधिकार मला अनुभवाने मिळाला आहे. घरातल्या एका मुंजीची क्लिप मी घाईघाईत मूळ फाइलच्याच नावाने सेव्ह केली होती आणि तेव्हापासून त्या मुंजीतली फक्त मातृभोजनाची चार मिनिटे आमच्याकडे शिल्लक आहेत.

कापण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक कळला की पुढचे सगळे सोपे जाते. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर मूळ फाइलमधला हवा तेवढा भाग जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि काम काही सेकंदांत आटोपते. दुसऱ्या प्रकारात व्हिडिओतले प्रत्येक चित्र (फ्रेम) उलगडून, फाइल लहान राहावी म्हणून पुन्हा नव्याने दाबले जाते, म्हणजेच व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो. त्याला वेळ लागतो आणि दर्जाही थोडा घटतो. विंडोज ११ सोबत येणारे क्लिपचॅम्प दुसऱ्या प्रकारचे आहे. शीर्षके, संगीत, जोडकाम यांसाठी ते सोयीचे असले, तरी नुसते कापण्यासाठी ते वापरणे मला पटत नाही. जुन्या लोकांच्या आवडीच्या मूव्ही मेकरचे वितरण मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी बंद केले, तेव्हा त्या नावाने कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर काही मिळाले तरी ते उतरवून घेऊ नये.

एव्हिडेमक्समध्ये फाइल उघडल्यावर डाव्या बाजूला एकाखाली एक तीन चौकटी दिसतात. त्यांपैकी ‘व्हिडिओ आउटपुट’ आणि ‘ऑडिओ आउटपुट’ या दोन्हींत ‘कॉपी’ हाच पर्याय असू द्यावा आणि ‘आउटपुट फॉरमॅट’मध्ये ‘एमपी४ मक्सर’ निवडावा, कारण एमपी४ फाइल मोबाइलपासून टीव्हीपर्यंत बहुतेक ठिकाणी चालते.

आता कुठे कापायचे ते ठरवायचे, आणि नवशिक्यांची क्लिप बिघडते ती नेमकी इथे. दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि दोन कीफ्रेमच्या मधल्या चित्रांत शेजारच्या चित्रांपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. त्यामुळे ‘कॉपी’ पद्धतीने कापताना सुरुवात मधल्याच एखाद्या चित्रावर पडली, तर चित्र रचण्यासाठी आधारच उरत नाही. ढोलकी ऐकू येत राहते आणि पडद्यावर काही क्षण करड्या ठोकळ्यांखेरीज काही दिसत नाही. कीफ्रेम किती अंतरावर असतील हे चित्रण कशावर झाले त्यावर ठरते. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरच्या मूळ मांडणीत हे अंतर जास्तीत जास्त २५० चित्रांचे असते, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे धरली तर १० सेकंदांपर्यंत जाऊ शकते.

समजा, मुली ४१ मिनिटे १५ सेकंदांवर विंगेतून मंचावर येतात. खालची पट्टी सरकवून त्या ठिकाणाच्या जवळ यावे. कीबोर्डवरच्या डाव्या-उजव्या बाणांनी एकेक चित्र मागेपुढे जाता येते, तर वरच्या बाणाने पुढच्या आणि खालच्या बाणाने मागच्या कीफ्रेमवर थेट उडी मारता येते. तेव्हा १५व्या सेकंदाला पोहोचल्यावर खालचा बाण एकदा दाबावा. पट्टी समजा १३व्या सेकंदावर येऊन थांबेल आणि खाली चित्राचा प्रकार म्हणून रोमन ‘आय’ हे अक्षर दिसेल. ती कीफ्रेमची खूण. तिथे ‘ए’ हे बटण दाबले की क्लिपची सुरुवात ठरली. मुली येण्याआधीचा दोन सेकंदांचा रिकामा मंच क्लिपमध्ये येतो, पण माझ्या मते तो असलेलाच बरा, कारण पहिले पाऊल अर्ध्यात तुटलेले नृत्य फार वाईट दिसते. नंतर टाळ्या ओसरेपर्यंत पुढे जावे, तिथल्या एखाद्या कीफ्रेमवर थांबावे आणि ‘बी’ दाबावे. ज्या चित्रावर ‘बी’ची खूण असते ते चित्र स्वतः क्लिपमध्ये येत नाही, त्याच्या आधीपर्यंतचा भाग येतो.

यानंतर डिलीट कळ दाबायची नाही. डिलीट दाबल्यास खुणांमधला भाग उडतो आणि बाकीचे उरते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या बरोबर उलट; मध्येच झालेले प्रमुख पाहुण्यांचे लांबलेले भाषण काढून टाकायचे असेल, तेव्हा मात्र हीच कळ कामाला येते. आपल्याला खुणांमधलाच भाग हवा असल्याने सरळ कंट्रोल आणि एस या कळा दाबाव्यात, नवे नाव द्यावे आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन एमपी४ हे विस्तारनाम रोमन अक्षरांत आपणच लिहावे.

झालेले काम बरोबर आहे का, हे फाइलच्या आकारावरूनही कळते. दोन तासांची मूळ फाइल १२ जीबीची असेल, तर मिनिटाला सुमारे १०० एमबी पडतात, म्हणून तीन मिनिटांची क्लिप ३०० एमबीच्या आसपास भरली पाहिजे. ती ६० एमबीचीच झाली असेल, तर डावीकडे कुठेतरी ‘कॉपी’ऐवजी दुसरा पर्याय राहून गेला आहे. आकार जुळला तरी क्लिपचे पहिले आणि शेवटचे दहा सेकंद प्लेअरमध्ये चालवून पाहावेत.

काही वेळा पुन्हा एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नसते. कीफ्रेम नसलेल्या नेमक्या चित्रापासूनच सुरुवात हवी असेल, कडा कापायच्या असतील, किंवा मोबाइलवर एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या नव्या प्रकारात घेतलेले चित्रण घरच्या जुन्या टीव्हीवर चालत नसेल, तर ‘व्हिडिओ आउटपुट’मध्ये ‘कॉपी’ऐवजी एक्स२६४ असलेला पर्याय निवडावा. त्याच्या मांडणीत दर्जाचा एक आकडा असतो. तो जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. घरगुती चित्रणासाठी २० हा आकडा पुरेसा आहे.

मॅक वापरणाऱ्यांच्या संगणकात क्विकटाइम प्लेअर आधीपासूनच असते. त्यात व्हिडिओ उघडून कमांड आणि टी दाबले की खाली पिवळी चौकट येते, तिची दोन टोके ओढून ‘ट्रिम’ करावे आणि वेगळ्या नावाने सेव्ह करावे. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्येही चालू व्हिडिओ रेकॉर्ड करण्याचे बटण आहे, पण त्यात सुरुवात आपल्या बोटाच्या वेगावर अवलंबून राहते, म्हणून ते मी कच्च्या कामापुरतेच वापरतो.

तयार क्लिप नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी व्हिडिओ म्हणून पाठवली, तर ते ॲप ती पुन्हा दाबते आणि जपलेला दर्जा तिथे जातो. त्याऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. या वाटेने २ जीबीपर्यंतची फाइल मूळ दर्जासह जाते. फक्त आजोबांच्या मोबाइलमध्ये ३०० एमबी जागा शिल्लक आहे का, ते आधी फोन करून विचारावे.